विहिरीचा हरीम
(युवक मेळाव्यातील भाषण)



मघाशी एका मित्राने विचारले, "मशिदीचा बोअर आटला. आता चारशे फुटांचा घेतोय, पाणी लागेल का?" लागेलही. ते पाणी कोणाचे असेल, हा माझा प्रश्न आहे.

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. हा खडक वाळूसारखा पाणी धरून ठेवत नाही. पाणी राहते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत, आणि भेगा काही सातबारा पाहून पसरत नाहीत. तुमचा खोल बोअर त्याच भेगेला लागला की शेजारच्या चाळीस फुटी विहिरीतले पाणी खाली उतरू लागते. विहीरवाला म्हणतो, यंदा पाऊसच कमी झाला. मग तोही कर्ज काढून बोअरची गाडी बोलावतो. मराठवाड्यात ही शर्यत मी जवळून पाहिली आहे. तिच्यात गाडीवाल्याचा धंदा तेवढा होतो.

आपल्या जमिनीखालचे पाणी आपले, ही समजूत पक्की आहे. इंग्रजांच्या १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टचाही तिला आधार आहे. पण फिकहमध्ये त्याहून कितीतरी जुना विचार आहे: विहिरीचा हरीम. कोणी माळावर विहीर खोदली की तिच्याभोवतीची ठरावीक जागा राखीव होते. तिथे दुसऱ्याने विहीर घ्यायची नाही, कारण पहिलीचे पाणी ओढले जाईल. अंतर किती, यावर फकिहांमध्ये मतभेद आहेत. असणारच, सगळी जमीन कुठे सारखी असते?

महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्यातही असाच हरीम होता: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नाही. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवरही बंधने आणली. कागदावर सगळे आहे. बोअरची गाडी रात्री येते, एवढेच.

म्हणून मला हिवरे बाजार महत्त्वाचे वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या कमी पावसाच्या गावाने सिंचनासाठी बोअर नाही आणि ऊस नाही, असे स्वतःच ठरवले. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा आणि मग पिके ठरवायची. पाहुणे जातात आणि बंधाऱ्यांचे फोटो काढून येतात. पण बंधारे बांधून वाचवलेले पाणी उसाला घालणारी गावे काय कमी आहेत?

आपल्या मोहल्ल्यातही हिशेब करता येतो. हजार चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते सुमारे ६५ हजार लिटर. थोडे वाया गेले तरी ५० हजार लिटर जमिनीत मुरवता येईल. मशिदीचे छत त्याहून मोठे असते. वजूचे पाणीही गटारात कशाला? शोषखड्ड्यात किंवा झाडांना जाऊ द्या; थेट बोअरमध्ये मात्र सोडू नका, खालचे पाणी खराब होईल.

नवा बोअर घ्यायच्या आधी एक वर्ष मोजणी करू. दोरीला दगड बांधून जुन्या विहिरीत सोडायचा आणि पाणी किती फुटांवर आहे ते दर महिन्याला वहीत लिहायचे. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरी मोजते. आपली वही त्या नोंदींशी ताडून पाहता येईल. ज्यांच्या गल्लीत वापरात नसलेली विहीर आहे, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावे द्या. दोरी मी आणली आहे.