काळी धूळ, पांढरी धूळ आणि बिडीचा धूर

यवतमाळ जिल्ह्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा विषय निघाला की बोट आपोआप वणीकडे वळते. उकणी, घोन्सा, कोलारपिंपरीच्या कोळसा खाणी, रस्त्याने सांडत जाणारे ट्रक, झाडांच्या पानांवर बसलेला काळा थर. आरोपी इतका ठळक दिसत असताना आणखी तपास कशाला? माझे म्हणणे असे, की हा तपास डोळ्यांवर सोपवल्यामुळेच बिघडतो. धुळीचा घातकपणा तिच्या रंगावरून ठरत नाही.

पुराव्यात सर्वांत वर आजही तंबाखूचा धूर आहे. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 मध्ये लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांवरून हा संबंध दाखवला. ‘ते सिगारेटचे झाले, आमची बिडी पानाची,’ असे समाधान आपल्याकडे करून घेतले जाते. देशातील पहिली कर्करोग नोंदणी 1963 मध्ये मुंबईत सुरू झाली. तिथल्याच डॉ. जस्सावाला आणि जैन यांनी 1979 मध्ये मुंबईच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात बिडी सिगारेटहून सौम्य ठरली नाही. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी ती पुन्हापुन्हा आणि जोराने ओढावी लागते. कुणाचे आजोबा बिडी ओढत नव्वदी गाठून गेले, हे खरेच असेल. बिडी ओढणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होतो असे कुणी म्हटलेलेच नाही. न ओढणाऱ्यापेक्षा त्याचा धोका कैक पटींनी जास्त असतो, एवढाच दावा आहे, आणि एका आजोबांनी तो खोटा पडत नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे प्रकरण वेगळे. त्याचा मारा मुख्यतः तोंडावर आणि अन्ननलिकेवर होतो. खर्रा खाणाऱ्याने त्यावर खूश होऊ नये. त्याची खाट दुसऱ्या वॉर्डात आहे, इतकेच.

पण इथे एक रास्त शंका उभी राहते. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ अवघे 3.8 टक्के निघाले, तंबाखू खाणारे किंवा लावणारे 24.4 टक्के. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील एका अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे निम्मे रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते. मग बाकीच्यांना काय झाले? काहींच्या बाबतीत पेशींमधील जनुकीय बदलापलीकडे उत्तर सापडत नाही. पण आपल्या गावांत चुलीकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कापूस संपला की पऱ्हाटी, तूर निघाली की तुराट्या, हे इथले सरपण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या कोळशाचा धूर निश्चित कर्करोगकारक ठरवला आहे, लाकूडफाट्याचा धूर बहुधा कर्करोगकारक. चीनमधील श्वानवेई भागात धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्ये हा रोग अफाट होता. घरात कोळसा जळत होता. चुलींना धुराडी बसवल्यावर पुढच्या वर्षांत तिथले प्रमाण ठळकपणे उतरले. आपल्या पणज्याही चुलीपुढेच बसत, त्यांना कुठे झाला, असा प्रश्न येतो. हा रोग वीस-तीस वर्षे मुरतो, आणि त्या पिढीतील बहुतेकींना तेवढे आयुष्यच मिळत नव्हते. ज्यांना झाला, त्यांच्या खोकल्याला क्षय म्हटले गेले नसेल, याची खात्री कोण देईल?

आता खाणीकडे येऊ. त्याच कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये कोळशाच्या धुळीला कर्करोगकारक म्हणण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले आणि त्याच वेळी स्फटिक सिलिकाची धूळ निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातली. कोळशाची धूळ फुप्फुसे काळी आणि निकामी करतेच, तो आजार कमी भयंकर नाही. पण कर्करोगाच्या खटल्यात मोठी आरोपी आहे ती फिकट धूळ. वर्धा खोऱ्यात कोळशावर वालुकाश्माचे थर आहेत. उघड्या खाणीत ते आधी ड्रिल करून, सुरुंग लावून उडवावे लागतात, आणि सिलिका उडते ती त्यातून. तिच्या जोडीला डंपरांचा धूर. डिझेलचा धूर 2012 मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरला.

म्हणजे बिडी आधी आणि खाण नंतर, असे म्हणून खाणमालकाला सोडायचे का? ‘कामगार बिडी ओढत होता’ हे वाक्य नेमके त्यासाठीच वापरले जाते. त्याचे उत्तर ॲस्बेस्टॉसच्या कामगारांवरील अमेरिकी अभ्यासात आहे. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नुसत्या ॲस्बेस्टॉसने धोका सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटने दहापट, आणि दोन्ही मिळून पन्नासपटींच्या घरात गेला. प्रत्येक जोडीत नेमका असाच गुणाकार होतो असे नाही. पण असा गुणाकार जिथे होतो तिथे बिडी ओढणाऱ्या कामगारासमोरची धूळ कमी करण्याचा फायदा सर्वांत मोठा असतो. त्याची बिडी मालकाची जबाबदारी हलकी करत नाही, वाढवते. आणि कामगाराच्या बाजूनेही हिशेब तसाच: बिडी सोडली तर दहा वर्षांत धोका जवळपास निम्म्यावर येतो, धूळ तिथेच असली तरी.

अडचण आहे ती नोंदीची. खाण कामगाराची ठरावीक काळाने होणारी तपासणी नोकरीशी बांधलेली असते, आणि मुरत आलेला रोग डोके वर काढतो तो बहुधा नोकरी सुटल्यावर. कंत्राटी ड्रिलवाला किंवा वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्टीवरचा मजूर साठीत खोकत रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्या केसपेपरवर ‘बिडी: होय’ एवढेच लिहिले गेले, तर त्याची धुळीतली वर्षे कुठल्याच कागदावर येत नाहीत. किती वर्षे कोणत्या कामावर, घरात कोणते सरपण, रोज किती बिड्या. या तीन ओळी त्या कागदावर मावतात.