न्हाणीघरातील स्वावलंबन



घरातील वडीलधाऱ्या माणसाने एके दिवशी "आज थंडी आहे, नुसते हातपाय धुतो" असे म्हटले, तर त्यात कुणाला वावगे वाटत नाही. परंतु जन्मभर स्नानाशिवाय देवापुढे न बसलेला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा असे म्हणू लागला, तर तो आळस नव्हे आणि थंडीही नव्हे. ती पुष्कळदा भीती असते. ओल्या फरशीवरून पाय सरकेल, ही एक. आणि हे बोलून दाखविले तर उद्यापासून मुलगा किंवा सून न्हाणीघरात येऊन उभी राहील, ही त्याहून मोठी.

आपल्याकडील स्नानाची सारी मांडणी बसण्याउठण्यावर आधारलेली आहे. चार बोटे उंचीचा पाट, शेजारी बादली, हातात तांब्या. गुडघे धड असतात तोवर यासारखे सुख नाही. सत्तरीनंतर मात्र त्याच पाटावरून उठताना माणूस नळ धरतो, बादलीचा काठ धरतो, टॉवेलची दांडी धरतो. यांपैकी एकही वस्तू माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेली नाही. त्यातच गरम पाण्याने रक्तवाहिन्या प्रसरण पावलेल्या असतात. झटकन उभे राहिल्यास रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उतारवयात ठिसूळ झालेले खुब्याचे हाड अशा एका पडण्याने मोडते, आणि तेव्हा धरलेले अंथरूण अनेकांचे सुटत नाही.

यासाठी लागते काय? सर्वप्रथम स्नानाची खुर्ची. न गंजणारी, पायांना रबरी टोप्या असलेली, बैठकीला पाणी निथळण्यासाठी छिद्रे असलेली आणि शक्यतो हातांची. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. घरातले हलके प्लास्टिकचे स्टूल हा तिला पर्याय नव्हे. ते ओल्या फरशीवर माणसासकट सरकते. माणूस उंचावर बसला की बादलीही चौरंगावर चढवावी लागते, हे मात्र अनेकजण विसरतात, आणि मग वृद्धाला तांब्यासाठी वाकावेच लागते. लांब नळीचा हातशॉवर बसविला तर तोही प्रश्न मिटतो. परदेशी कॅटलॉगांत टबावर आडवी टाकण्याची लांब बैठक दिसते. ज्या घरात टबच नाही, तिथे तिचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट भिंतीवरची आधारदांडी. ती पक्क्या भिंतीत खोल बोल्टांनीच बसवावी. रबरी चकत्यांनी टाइलला चिकटणाऱ्या दांड्या दिसायला सोयीच्या असतात, पण चकतीत हवा शिरली की त्या निसटतात. अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीसाठी दांडी आणि नळ तिच्या चांगल्या हाताच्या बाजूला हवेत. अशा व्यक्तीने कपडे काढताना चांगला हात आधी मोकळा करावा, घालताना मात्र दुबळा हात आधी बाहीत घालावा.

दाराचाही विचार व्हावा. आत उघडणाऱ्या दारामागेच माणूस पडला तर बाहेरून कुणालाही शिरता येत नाही. दार बाहेर उघडणारे असावे. ते शक्य नसेल तर निदान कडी बाहेरून काढता येईल अशी हवी. पाणी विसणताना बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग कढत. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना चटका कळतच नाही.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी 2017 साली केंद्राने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. 2024 साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली पासष्टीपुढील गरजूंना सहायक साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये देण्याचा निर्णय घेतला. वस्तीत संपर्कासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्याने अशा योजनांची प्रचलित स्थिती विचारून घ्यावी आणि अर्ज भरून देण्यास मदत करावी.

एवढे करूनही कित्येक घरांत खुर्ची कोपऱ्यात वाळत पडलेली असते. मुलाने एके संध्याकाळी ती परस्पर आणून ठेवलेली असते, आणि वडिलांना ती आपल्या अपंगत्वाची जाहीर पाटी वाटते. म्हणून दुकानात जाताना त्यांनाच बरोबर न्यावे. तिथेच बसून-उठून पाहू द्यावे. दांडी किती उंचीवर हवी, ही खूणही भिंतीवर त्यांच्याच हाताने करवून घ्यावी.