लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा



संयोजक म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली, मुलांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी बोल." म्हणून बायोडाट्यावर बोलते. आपल्यापैकी अनेकांची मुलं आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करताहेत. शिरूरच्या मुलांना रांजणगाव एमआयडीसी जवळ, दौंडच्या मुलांना कुरकुंभ. मध्ये भीमा असली तरी अडचण दोन्हीकडे एकच: काम येतं, पण ते कागदावर उतरत नाही.

मुलाखती घेण्याच्या निमित्ताने मी बरेच बायोडाटे वाचते. आपल्याकडचा बायोडाटा चटकन ओळखू येतो, कारण तो लग्नाच्या बायोडाट्याचा सख्खा भाऊ असतो. वडिलांचं नाव, जात, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती... अर्धं पान इथेच संपतं. नोकरी देणाऱ्याला मात्र एकच पाहायचं असतं: या उमेदवाराला काय करता येतं? आधार आणि पॅनचे क्रमांकही लिहू नका. तो कागद कुणाकुणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही. नेमणुकीच्या वेळी द्यावेत.

१४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागणारं पत्र लिहिलं. त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं आधी आली. चित्रकला अगदी शेवटी. समोरच्याची गरज त्याने आधी ओळखली. आपल्या मुलांनीही तेच करावं.

'टर्नर म्हणून काम केले' एवढं लिहून भागत नाही. 'सीएनसी लेथवर दोन वर्षे काम. ड्रॉइंग वाचता येते. मायक्रोमीटरने मोजमाप करतो' असं लिहिलं की सुपरवायझरला माणूस दिसतो. मात्र जे येतं तेच लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो.

आता मांडणी. मोठ्या कंपन्यांत बरेचदा अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. ते फाइलमधला मजकूर उपसून घेतं. दोन रकाने, चौकटी, रंगीत पट्ट्या असल्या की ओळींची सरमिसळ होऊ शकते. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला, तर तो मजकूर नसून चित्र असतं. म्हणून एकच रकाना, साधा फॉन्ट, ठळक मथळे आणि पीडीएफ. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. ओळी क्रमाने आल्या तर बहुतेक वेळा काम झालं. नवख्याला एक पान पुरे. फाइलला 'फायनल टू' ऐवजी स्वतःचं नाव द्या. सायबर कॅफेवाल्याकडचा तयार 'ऑब्जेक्टिव्ह' काढून टाका. तोच परिच्छेद आणखी पन्नास जणांकडे असतो.

नावाचंही पाहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, स्पेलिंग तिसरंच. बायोडाट्यावर एकच रूप ठेवा आणि ते कागदपत्रांशी जुळवा.

मैत्रिणींनो, हे खास तुमच्यासाठी. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र हाताशी ठेवा. घरासाठी थांबलेली वर्षंही लपवू नका. रिकामी जागा दिसली की वाचणारा मनाने काहीतरी भरतो. 'कौटुंबिक जबाबदारी' असं सरळ लिहा आणि त्या काळात केलेलं काम खाली मांडा. बचत गटाचा हिशेब ठेवला असेल, तर ते हिशेबाचंच काम आहे. शिकवण्या घेतल्या असतील, तर तो अनुभवच आहे. आपल्या वर्गातल्या किती हुशार मुली 'आता मला कोण घेणार' म्हणत घरी बसल्यात! त्यांचा अर्ज कुणी नाकारलेला नाही. तो अजून गेलेलाच नाही.

सरांना आणि बाईंना एक विनंती. निबंध, पत्रलेखन आपण शिकवलंत. नववी-दहावीच्या मुलांकडून 'मला काय काय करता येतं' यावर दहा ओळी लिहून घ्याव्यात. आणि पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलाचा बायोडाटा उघडा. पहिल्या पाच ओळींत त्याचं काम दिसलं नाही, तर त्याच्याशेजारी बसून त्या ओळी बदला. बसायला कुणी नसेल, तर मला पाठवा. मी वाचेन.