नमुन्याची मजुरी कोणी द्यावी?

नमुना पाहून भाव ठरविण्याची रीत कापसाच्या या जिल्ह्याला नवी नाही. व्यापारी गाडीतून मूठभर कापूस उपसतो, बोटांनी धागा ताणतो आणि भाव सांगतो. या एकतर्फी व्यवहाराला आवर घालण्यासाठीच राज्याने १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू केली. पुढे ती गुंडाळली गेली. आज यवतमाळ-पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांनाही नमुना घेऊन बाजारात उभे राहावयास सांगितले जाते. तो नमुना म्हणजे गिटहबवर मांडलेले स्वतःच्या प्रोग्रॅमांचे भांडार. ते असले की नोकरी मिळते, असे त्यांना बजावले जाते.

मिळते काय? उत्तर मालकागणिक बदलते. हजारोंनी भरती करणाऱ्या कंपन्यांच्या दारात आधी गुणांची अट आणि चाळणी परीक्षा असते. टीसीएसची राष्ट्रीय पात्रता चाचणी हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे भांडाराला फारसा वाव नाही. पुण्यातील दहा-वीस माणसांच्या कंपनीत मात्र ते उघडून पाहिले जाते, आणि ज्याच्या महाविद्यालयाचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा मुलाला तेवढीच वाट मोकळी होते. हा लाभ खरा आहे. तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र तेथेही शिकवणीतून उतरविलेल्या दहा प्रकल्पांपेक्षा कोणी प्रत्यक्ष वापरीत असलेला एकच प्रोग्रॅम, आणि तो तसाच का लिहिला हे सांगता येणे, अधिक मोलाचे ठरते. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून तर नमुना उमेदवाराच्याच हातचा कशावरून, ही शंका बळावली आहे. (विकतचे प्रकल्प त्याआधीही मिळत होतेच!)

परंतु खरा प्रश्न मजुरीचा आहे. भांडार उभारावयास सहा महिने लागले, तर ते कोणाच्या पैशाने? वकिलाचा मुलगा ते घरी बसून काढू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला वेचणीच्या हंगामात शेतावर जावे लागते, आणि घरात लॅपटॉप एकच, तोही भावाबरोबर वाटून घ्यावयाचा. नवख्याला कामात तयार करण्याचा जो खर्च मालकाने सोसावयाचा, तो येथे उमेदवाराच्या घरावर टाकला जातो, आणि वर त्यालाच गुणवत्ता म्हटले जाते.

वास्तविक १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा हाताशी आहे. १९७३च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंतेही त्यात आले. जिल्हा परिषद, बाजार समित्या, सहकारी संस्था यांच्याकडे संगणकाची कामे पडून आहेत. ती या मुलांकडून करवून घ्यावीत, त्यांवर त्यांची नावे राहू द्यावीत आणि विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून द्यावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्ह्यात लावून धरली पाहिजे.