कुलवृत्तांत व त्याचे उपकारकर्ते

घराण्याची वंशावळ तयार करण्याची हौस अनेक सुशिक्षित कुटुंबांत आढळते. एखादे गृहस्थ नोकरींतून निवृत्त होतात, आजोबांची पेटी माळ्यावरून खालीं काढतात आणि पहिल्याच कागदाशीं अडखळतात. कारण तो मोडींत असतो. या कामीं दुसऱ्याकडे जाण्याचा हा पहिला प्रसंग. पुढें तो पदोपदीं येतो.

मोडी वाचणें म्हणजे केवळ निराळीं अक्षरें ओळखणें नव्हे. मोडींत शब्द एकमेकांस चिकटून येतात, इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळलेला नसतो, आणि सन पुष्कळदां सुहूर गणनेचा असून तो अरबी संख्यावाचक शब्दांनीं दिलेला असतो. ‘सलास’ म्हणजे तीन व ‘अर्बा’ म्हणजे चार हें ज्यास ठाऊक, त्यालाच त्या सनांत ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढतां येतो. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि ही विद्या मोजक्या जाणकारांच्या आश्रयानें राहिली. २०२३ सालीं महाराष्ट्रांत कुणबी नोंदींचा सरकारी शोध सुरू झाला, तेव्हां या जाणकारांची सर्वांस एकदम आठवण झाली!

कागद संपले म्हणजे शोधक नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर गांठतो. तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या वह्या असतात. यात्रेकरू आला कीं आपलें, बापाचें, आजाचें, भावांचें व मुलांचें नांव आणि मूळ गांव तींत नोंदवितो. पुष्कळदां स्वहस्तें लिहितो. पुढें त्याचा नातू येतो. उपाध्याय गांव आणि आडनांव विचारतात, वही सोडतात, आणि ज्यास त्यानें कधीं पाहिलें नाहीं त्या आजोबाचें हस्ताक्षर नातवाच्या पुढ्यांत येतें. काशी, प्रयाग व गया येथेंहि अशा वह्या आहेत. वाळवी, ओल आणि नदीचा पूर यांतून त्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्यांचें नांव मात्र कोणी विचारीत नाहीं. नातू दक्षिणा देऊन गाडी पकडतो.

पूर्वज पेशव्यांच्या पदरीं निघावा, अशी बहुतेकांची इच्छा असते. कोणाचा पणजोबा पाणक्या निघाल्याचें छापलेलें क्वचितच दिसतें. असो.

सर्वांत मोठें ऋण ज्यांचें, त्यांना वंशवृक्षावर बहुधा जागाच नसते. तेथें पुरुषांचीं नांवें ओळीनें असतात. सुनेचें नांव आलेंच तर सासरचें येतें, माहेरचें गळून पडतें. आणि मुलगी लग्न होऊन गेली कीं तिची फांदी तेथेंच तुटते. माहिती मात्र तिच्याकडूनच मिळते. कोणाचें पहिलें लग्न कोठें झालें होतें, १८९७ च्या प्लेगांत कोणतीं मुलें गेलीं, कोणतें घर भाऊबंदकींत मोडलें, हें कागदावर नसतें. ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंनीं तें आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेलें असतें. दत्तकाचेंच पाहा. दोन वह्यांत एकाच माणसाचे दोन बाप आढळतात आणि शोधक महिनोन्‌महिने कोड्यांत पडतो. आत्याबाई तें एका वाक्यांत सोडवितात: “अरे, तो धाकट्या घरांत दत्तक गेला होता ना!” कागद शंभर वर्षें थांबले, ते आणखी थांबतील, आत्याबाईंचें तसें नाहीं.

कुलसंमेलनांत अशा वृद्धांस शाल व श्रीफळ देण्याची चाल आहे. ती चांगलीच आहे. परंतु शाल पेटींत जाते, आणि छापील ग्रंथांत प्रस्तावनेच्या अखेरीस ‘अनेकांचें साहाय्य झालें’ एवढेंच उरतें. १९१० सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांमुळें, कागद कोणाच्या दप्तरांतील हें सांगण्याची रीत मराठी वाचकांस परिचित आहे. तीच घरच्या वंशावळीस लावावी. प्रत्येक नोंदीच्या समासांत, ही गोष्ट कोणी सांगितली, केव्हां सांगितली, वही कोणाची, मोडी कोणी वाचली, हें लिहावें. आत्याबाईंचें माहेरचें व सासरचें, दोन्ही नांवें लिहावींत. यानें कृतज्ञता व्यक्त होतेच. शिवाय पुढें दोन हकीकतींत विरोध आला तर कोणती कोणाच्या तोंडची, हें नातवंडांस कळतें आणि खरेंखोटें ताडतां येतें. ज्या वंशावळींत सांगणाराचा पत्ताच नाहीं, तिच्यावर भरंवसा तरी कोणत्या आधारानें ठेवावा?

श्रोत्यांपैकीं ज्यांचें असें काम चाललें असेल त्यांनीं ग्रंथ पुरा झाल्यावर एकेक प्रत तीर्थोपाध्यायांकडे व मोडी वाचून देणाराकडे पोंचवावी. आत्याबाईंकडे मात्र ग्रंथ छापण्यापूर्वींच जावें. त्यांची दृष्टि अधू असेल, तर त्यांनीं सांगितलेला भाग त्यांना सावकाश वाचून दाखवावा. त्या वेळीं हातांत पेन्सिल ठेवावी. कारण चुकलेल्या जागा त्या ताबडतोब सांगतात, आणि बहुधा आणखी दोन नांवें त्यांना तेव्हांच आठवतात.