हेवी डिपॉझिट नको, करार नोंदवा

पहिला फ्लॅट भाड्याने देताना एजंट म्हणाला, "हेवी डिपॉझिट घ्या, भाडं सोडा." पाच लाख वापरायचे, भाडेकरू जाताना तेवढेच परत. मला सोयीचं वाटलं. अब्बा म्हणाले, "हे कर्ज झालं. माफ केलेलं भाडं हेच त्याचं व्याज." मग दोन महिन्यांचं डिपॉझिट, बाजारभावाने भाडं आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, ऑनलाइन नोंदवलेला.

नोंदणी टाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 : जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. आपल्याकडे "ओळखीचाच आहे, कागद कशाला?" फार चालतं, कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारी लिहून ठेवायला सांगते, तरीही!

ते डिपॉझिट मी वेगळ्या खात्यात ठेवलंय. दुसऱ्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला त्यातलं काही वापरणार नाही.