सेवा : विचारून आणि झेपेल तेवढी

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात माजी विद्यार्थ्यांचे एक शिष्टमंडळ माझ्याकडे आले. हीरक महोत्सवानिमित्त महाआरोग्य शिबिर घ्यावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. एक दिवस, मोठा मंडप, 20 डॉक्टर, 1000 रुग्ण, सर्व स्वयंसेवकांना एकसारखे टी-शर्ट. निधीही जमत आला होता. मी आठ दिवसांची मुदत मागितली. मुलांचे चेहरे पडले. बाईंना उत्साह वाटला नाही, असे त्यांना वाटले असावे. उत्साहाचा प्रश्न नव्हता. मला एक जुने शिबिर आठवले होते, आणि ते सांगितल्याखेरीज होकार किंवा नकार देणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. आज ते सांगते.

सुमारे 20 वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी विज्ञान मंडळाची आणि सेवा उपक्रमांची जबाबदारी सांभाळत असे. शाळेपासून जवळच्या एका वस्तीत आम्ही मुलींचे हिमोग्लोबिन तपासण्याचे शिबिर घेतले. वस्तीत आधी जाऊन कुणाला काही विचारले नव्हते. तारीख आमच्या सोयीची, जागा आमच्या सोयीची. एका दिवसात दीडशेच्या वर मुली तपासल्या. बहुतेकींचे रक्त कमी निघाले. प्रत्येकीला महिनाभराच्या लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी खा म्हणून सांगितले, छायाचित्रे काढली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ते कात्रण आजही कार्यालयातील फायलीत आहे.

दोन वर्षांनी त्या वस्तीतील एक आई शाळेच्या फाटकाशी मला शोधत आली. तिच्या मुलीला आम्ही 'रक्त कमी आहे' असे सांगून गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या संपल्या, पुढे कुणी आले नाही. मुलीचे हातपाय अधूनमधून असह्य दुखत, डोळे पिवळे होत. आई म्हणे, मॅडमनी सांगितले ना, रक्त कमी आहे. म्हणून ती दुकानातून त्याच गोळ्या आणून देत राहिली. शेवटी एका रात्री मुलीला मेकाहारामध्ये न्यावे लागले आणि तिथे निदान झाले : सिकलसेल. आई तक्रार करायला आली नव्हती. 'आता काय करायचे ते सांगा' एवढेच विचारायला आली होती. तिच्या लेखी मी जाणकार होते. त्या दिवशी तिच्यापुढे उभे राहताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

ती मुलगी आज आहे, तिचा संसार आहे, एवढे सांगून तिच्याविषयी थांबते. पण आमची चूक नेमकी काय होती, हे समजून घेतले पाहिजे. छत्तीसगढमध्ये दर 10 पैकी सुमारे 6 स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले आहे. मात्र आपल्या भागात निस्तेज दिसणारे प्रत्येक मूल लोहाच्याच कमतरतेने निस्तेज असेल असे नाही. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्तदोष इथे बराच आढळतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. अशा रुग्णाचे रक्त नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही; ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात तर लोह उलट साठलेले असते. त्यांना हवी असते नियमित देखरेख, भरपूर पाणी, फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टर सांगतील ते औषध. हे आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक नसणे हा एक वेळ क्षम्य दोष. पण आम्ही परत गेलो असतो तरी ते कळले असते. दोन महिन्यांनी फक्त एवढेच पाहायचे होते की गोळ्या घेऊनही कुणाचे रक्त वाढले नाही. आम्ही गेलो नाही, कारण आमचा कार्यक्रम संपला होता. तिचा आजार संपला नव्हता.

या घटनेनंतर मी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाविषयी मुद्दाम वाचले. गडचिरोली आपल्या राज्याच्या सीमेला लागून; तिथली जंगले, तिथले आदिवासी बांधव आपल्याला परके नाहीत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आलेल्या या दांपत्याने 1986 मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. आरंभीच त्यांना जिल्ह्यात सिकलसेल असल्याचे आढळले. त्यांनी अभ्यास केला, प्रमाण मांडले. शास्त्र म्हणून ते काम चोख होते. परंतु लोकांना तो आपला प्रश्न वाटेना. एवढे विद्वान डॉक्टर, एवढा खरा आजार, आणि लोक मात्र उदासीन! तेथून बंग दांपत्याने आपली रीत बदलली : आधी लोकांना विचारायचे. दवाखाना कसा हवा, हे आदिवासींना विचारले, तेव्हा तो त्यांच्या घरांसारखा, झोपड्यांचा, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल असा उभा राहिला आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. आपल्या दंतेवाड्याची देवी गडचिरोलीच्या दवाखान्याची अधिष्ठात्री झाली, हे मला फार हृद्य वाटते.

पुढे बालमृत्यूंचा प्रश्न समोर आला. त्यांनी गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजणे, वजन करणे, बाळ उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, अशी ही कामे होती. 39 गावांतील या प्रयोगाचा निष्कर्ष 1999 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला : इतर गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटले होते. मंडप नव्हता, बॅनर नव्हता. एक बाई त्याच घरी पुन्हा पुन्हा जात होती, एवढेच.

आणि असे काही पाहायला गडचिरोलीला जाण्याचीही गरज नाही. आपल्या छत्तीसगढने 2002 मध्ये मितानिन योजना सुरू केली, 'आशा' कार्यकर्त्यांची राष्ट्रीय योजना येण्याच्या तीन वर्षे आधी. मितान बदण्याची इथली रीत आपणा सर्वांना परिचित आहे. दोन मुली एकमेकींना भोजली देतात आणि जन्मभराच्या मैत्रिणी होतात. मग एकमेकींच्या सुखदुःखात उभे राहण्याचे बंधन दोन्ही कुटुंबांवर येते. पाड्यापाड्यावर निवडलेल्या आरोग्य कार्यकर्तीला हेच नाव ज्यांनी दिले, त्यांना सेवेचे मर्म कळले होते. एक टीका मात्र करते. प्रारंभी या स्त्रियांना मानधन नव्हते. गरीब बाईच्या विनामूल्य श्रमांचा 'निःस्वार्थ सेवा' म्हणून गौरव करणे आपल्यासारख्या पगारदारांना सोपे जाते. आपण आठवड्याचा एक तास देतो, ती दिवसाची रोजी देते. दोन्हींना एकच शब्द वापरू नये.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळते. सेवा करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराविषयी आपल्या सार्वजनिक जीवनात फार कमी बोलले जाते.

दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली 1983 मध्ये शहीद अस्पताल उभारले. पैसा त्यांच्या मजुरीतला, बांधकामाला हात त्यांचेच. खाणीतील काम आटोपून मजूर तिथे आरोग्यसेवक म्हणून उभे राहत. परंतु रुग्णालयाच्या आधीपासून त्याच संघटनेने आपल्या सभासदांत दारूबंदीची मोहीम चालवली होती, कारण वाढलेली मजुरी भट्टीवर जात होती. आधी स्वतःचे घर सावरले, मग दवाखान्याची वीट ठेवली. मला या क्रमाचे महत्त्व वाटते.

आणि पुन्हा डॉ. अभय बंग. लोकांच्या आरोग्यासाठी आयुष्य वाहिलेल्या या डॉक्टरांना 1995 मध्ये, वयाच्या अवघ्या 44व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. आपल्या ग्रंथालयातील प्रत तर हाताळून जीर्ण झाली आहे. सेवाकार्याच्या धावपळीत आपण स्वतःच्या आहाराकडे, व्यायामाकडे, मनावरील ताणाकडे कसे दुर्लक्ष केले, याचा त्यांनी त्यात निर्भीड हिशेब मांडला आहे. दुसऱ्यासाठी झिजणे म्हणजे स्वतःची हेळसांड करणे, हा समज आमच्या पिढीत फार खोल रुजला होता. घरात आई सर्वांच्या शेवटी जेवते, याचेही आपण कौतुकच करत आलो.

मी स्वतः काही निराळी नव्हते. काही वर्षांपूर्वी शाळेत पालकांसाठी रक्तदाब तपासणी ठेवली होती. पहिले कुणी पुढे येईना, म्हणून प्रात्यक्षिकासाठी मीच खुर्चीत बसले. परिचारिकेने एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले, आणि हळू आवाजात म्हणाली, 'मॅडम, आपण जरा बाजूला बसा.' 170 वर 110! इतकी वर्षे शिबिरे भरवणाऱ्या बाईने स्वतःचा रक्तदाब कधीच मोजला नव्हता. डोके दुखते ते वह्या तपासून, असे मी गृहीत धरले होते. उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणच नसते. तो मोजल्याखेरीज कळत नाही.

तेव्हापासून औषध सुरू आहे, आणि ते मी मनाने बंद करत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचादेखील नाही. आपल्या मराठी घरांत लोणचे आणि पापड, त्यात छत्तीसगढची बिजौरी. बेरीज करून पाहा. मी ताटातले मीठ वाढणे बंद केले, लोणचे रविवारपुरते ठेवले. आठवड्याला 150 मिनिटे वेगाने चालावे, असे तज्ज्ञ सांगतात. मी पहाटे तेलीबांधा तलावाला फेऱ्या मारते. मे महिन्यात सहाच्या आधी, नाहीतर आपले रायपूरचे ऊन कुणाची गय करत नाही. तिथे तुमच्यापैकी कितीतरी जण भेटतात. काही जण चालणे संपवून समोरच्या ठेल्यावर कचोरी खातात, तेही मी पाहिले आहे. नावे घेत नाही.

रक्तदानाविषयीही सांगितले पाहिजे, कारण तरुण माजी विद्यार्थ्यांचा तो आवडता उपक्रम आहे आणि सिकलसेलच्या रुग्णांना त्याची मोठी गरज असते. वय किमान 18, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅम, दोन रक्तदानांत पुरुषांसाठी 90 दिवसांचे आणि स्त्रियांसाठी 120 दिवसांचे अंतर. उपाशीपोटी येऊ नये. मागे आमची एक विद्यार्थिनी वजन वाढवून सांगून रांगेत उभी राहिली होती. मी तिला हाताला धरून घरी पाठवले. ती रुसली. त्या दिवशी तिने आईला तपासणीसाठी आणले असते, तर ते रक्तदानाहून कमी मोलाचे नव्हते.

तेव्हा शिष्टमंडळाला माझे उत्तर असे आहे. महाशिबिर नको. मी आणि दोन शिक्षिका गेल्या महिनाभरात शाळेतील पालकांच्या घरी गेलो आणि तुम्हाला काय हवे, असे विचारले. उत्तरे आम्ही कल्पिली होती त्याहून निराळी निघाली. मोठ्या डॉक्टरांची मागणी थोड्यांनीच केली. बहुतेक माता म्हणाल्या, सरकारी रुग्णालयात कुठल्या खिडकीवर जायचे ते कळत नाही, कुणी बरोबर आले तर बरे. काहींनी सांगितले, शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुली घरी आणून फेकतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळते. दोघींनी विचारले, मुलीचे लग्न ठरवण्याआधी सिकलसेलची तपासणी कुठे होते? रायपुरात सिकलसेल संस्थान आहे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

यासाठी मला 12 माणसे हवी आहेत, तीन वर्षांसाठी. प्रत्येकाने महिन्यातील दोन शनिवार, दोन-दोन तास द्यावेत, याहून अधिक नाही. चौघांनी रुग्णालयात सोबत जायचे. चौघींनी गोळीच्या दिवशी मध्यान्ह भोजनानंतर वर्गात बसायचे, मुलींनी जेवल्यावर गोळी घेतली का ते पाहायचे आणि नंतर तासभर चहा घेऊ नका म्हणून सांगायचे. उरलेल्या चौघांनी नोंदी ठेवायच्या आणि ज्यांचे रक्त तीन महिन्यांत वाढले नाही त्यांच्या घरी जायचे. ज्याच्या घरी आजारपण आहे, लहान मूल आहे, त्याने यंदा नाव देऊ नये. पुढच्या वर्षी द्यावे. ज्याला मध्येच जमेनासे होईल त्याने संकोच न करता सांगावे, म्हणजे दुसरा नेमता येईल. न सांगता गळून जाणारा स्वयंसेवक हीच आमची मोठी अडचण असते. जमलेल्या निधीतून रुग्णालयात येण्याजाण्याचे ऑटोभाडे आणि तपासणीचा खर्च भागेल. टी-शर्टचे पैसे त्यातच घालावेत, अशी विनंती.

नावनोंदणीची वही ग्रंथालयातील टेबलावर ठेवली आहे. तिच्याशेजारी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे आणि आपल्याच शाळेची एक विद्यार्थिनी, जी आज परिचारिका आहे, तिथे बसली आहे. वहीत नाव लिहिण्याआधी तिच्यासमोर पाच मिनिटे शांत बसा आणि बाही वर करा. भोजनाला अजून अर्धा तास आहे.